बारी म्हणजे बाली नव्हे

ताई, नमस्कार.
मी चिंचवडला राहते. यंदा बारावी कॉमर्स झाले, ७४ टक्के मिळाले. दहावीनंतर जपानी शिकायला लागले आणि गेल्या डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सगळ्यात खालची पातळी पास झाले, १८० पैकी १३१. बाबा चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे जपानहून साहेब येतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक इंटरप्रिटर मॅडम असतात. बाबा घरी येऊन त्यांच्याबद्दल सांगायचे, त्यावरून मला हे सुचलं. मला जपानीत बीए करायचंय. आई म्हणते, बीकॉम कर आणि भाषा संध्याकाळी शिक. मामा म्हणतो, जपानी सोड, जर्मनी आपल्या राज्यातून माणसं घेतंय, जर्मन कर. तीन वर्षांनी हातात नुसती भाषा असेल तर नोकरी मिळते का? वर्गातली मुलं म्हणतात की आता मोबाइलच भाषांतर करतो, ही लाईनच बंद होणार. खरं काय ते सांगा.
– बारावी झालेली एक वाचक, चिंचवड

अगं, एन-५ला ८० गुणांवर पास करतात, तू १३१ घेऊन बसली आहेस. छानच. आई आणि मामा काळजीपोटीच बोलतायत. आईचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मामाचं, त्याला सांगू नकोस, पाव.

आधी माझी एक फजिती ऐक. मी रसायनशास्त्राची बीएस्सी. संध्याकाळी सायकल हाणत फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटला जायचे, जपानीच्या वर्गाला. तेव्हा परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या, पाच झाल्या त्या २०१० पासून. त्यातली वरून दुसरी पातळी पदरात पडल्यावर मी स्वतःला मोठी विदुषी समजत एका कारखान्यात इंटरप्रिटर म्हणून उभी राहिले. जपानहून आलेले तज्ज्ञ प्रेसमधून निघालेला पत्र्याचा तुकडा नाचवत तावातावाने म्हणत होते, ‘बारी! बारी!’ मला ठाऊक असलेला बारी एकच, इंडोनेशियातलं बाली बेट. जपानीत ‘ल’ नाही, त्यामुळे बालीचं बारीच होतं. हा गृहस्थ पत्रा हातात घेऊन बाली बेटाचं काय सांगतोय? मी गप्प. मशीनवर पन्नाशीचे एक काका होते. त्यांनी तो तुकडा घेतला, कडेवरून अलगद अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘मॅडम, साहेब म्हणतायत बर आलाय. डाय घासायला लागेल.’

बारी म्हणजे बर. कापलेल्या कडेला राहते ती धातूची बोचरी कूस. काकांना जपानीतलं ‘हो’सुद्धा येत नव्हतं, पण त्यांना पत्रा कळत होता.

पुढे दोनेक वर्षांनी एका प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवतात तिथे, मला बोलावलं. माझ्याआधी तिथे एक मुलगी होती. तिचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, उच्चार ऐकत राहावे असे. पण बाथचं तापमान, पीएच, आम्लाची तीव्रता असलं बोलणं सुरू झालं की तिला काही सुधरायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली. मला तिथे ‘मेक्की’ म्हणजे प्लेटिंग एवढाच एक शब्द नवा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲप्रनला भोकं पाडून घेतल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तेव्हा माझा तुला उलटा प्रश्न: जपानी आल्यावर त्या जपानीत तू बोलणार कशाबद्दल?

तुझ्या बाबतीत याचं निम्मं उत्तर तयार आहे. तुला जमा-खर्च येतो. साहेब लोक लाईनवर महिन्यातून एकदा येतात, पण खरेदीच्या ऑर्डरी, बिलं, किमतीवरची घासाघीस, ऑडिट हे रोज चालतं. बहुतेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्चअखेरीची धावपळ दोन्हीकडे एकदमच. जपानी येणारी आणि ताळेबंद वाचता येणारी मुलगी मला माझ्या सगळ्या कारकिर्दीत दोनदाच भेटली. दोघींनाही काम मागत फिरावं लागलं नाही.

आता पदवीचं. पदवी आणि जेएलपीटीचं सर्टिफिकेट या दोन गोष्टी लोक एकमेकींत कालवतात. सर्टिफिकेटवरून कळतं तुला किती येतं. पदवीमुळे काही दारं उघडतात, जी सर्टिफिकेटने उघडत नाहीत. जपानमध्ये ऑफिसातल्या कामासाठी जो व्हिसा असतो त्याला साधारणपणे पदवी लागते, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मात्र ती पदवी भाषेचीच हवी असं नाही. इथवर आई जिंकली.

पण एक दार असं आहे की जे जपानीच्या पदवीलाच उघडतं. जपान सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, परदेशातल्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी. साधारण वर्षभर तिकडच्या विद्यापीठात शिकायचं आणि परत येऊन इथली पदवी पूर्ण करायची. अर्ज दूतावासामार्फत होतो. पदवी हातात पडली की ही संधी संपली, आणि संध्याकाळच्या वर्गाला ती मुळात मिळतच नाही. मी बीएस्सी होते, मला ती नव्हती. मी पहिल्यांदा जपान पाहिला तो नोकरीच्या सहाव्या वर्षी, अकरा दिवस, त्यातले नऊ कारखान्यात.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर बीए जपानीच केलं असतं. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ते आहे. घर सोडायची तयारी असेल तर दिल्लीला जेएनयू आहे, तिथे सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं. आणि आईसाठी, खरं तर तुझ्यासाठीच, जोडीला बीकॉम. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलेली आहे. एक रोज वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने, असं चालतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीकॉम त्यात बसू शकतं. दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, हे प्रवेशाआधी दोन्हीकडे जाऊन विचार. फोनवर विचारू नकोस, खिडकीशी उभी राहून विचार. आणि दोन पदव्या झेपणार नाहीत असं वाटलं, तर बीए करताना मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून दुसरी भाषा घेऊ नकोस. अर्थशास्त्र, कॉमर्स, संगणक, जे मिळेल ते घे. तीन भाषा थोड्या थोड्या येणाऱ्या मुलींचे सीव्ही मी खूप पाहिलेत. बिचाऱ्या सगळ्या भाषांत स्वतःची ओळख तेवढी छान करून देतात.

अभ्यासाचं म्हणशील तर परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, दोन-तीन महिने आधी नाव नोंदवावं लागतं. एन-४ पहिल्या वर्षात उरकून टाक. एन-३ दुसऱ्या वर्षी. एन-३ ते एन-२ हा मात्र सिंहगडाचा शेवटचा चढ आहे, तिथे पुष्कळ जण बसकण मारतात. रोजच्या वापरातल्या म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हाकृती, आहेत २,१३६, आणि त्यांना शॉर्टकट नाही. शिकवणीवाले ‘गोष्टी रचून पाठ करा’ वगैरे सांगतात. कर हवं तर. मी वहीत गिरवल्या, मला तेच जमलं.

एक लक्षात ठेव, या परीक्षेत बोलायचं आणि लिहायचं काहीच नसतं. सगळे पर्यायातले गोळे रंगवायचे. एन-२ झालेली आणि फोनवर ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढंही न सांगता येणारी मुलं असतात, तो त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी बोलायलाच लावलेलं नसतं.

इथे तुझे बाबा उपयोगी पडतील. त्यांच्या शॉपमध्ये फाइव्ह-एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड असणारच. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. बाबांना सांग, रोज कामावरचा एक शब्द घरी आणायचा. एका वहीत तीन रकाने आख: जपानी, इंग्रजी आणि लाईनवरची माणसं प्रत्यक्ष म्हणतात तो शब्द. तिसरा रकाना कुठल्याही शब्दकोशात नसतो. चाकणला इंटरप्रिटरचं निम्मं काम साहेबांशी असतं आणि निम्मं काम आपल्या माणसांशी, मराठीत. दिल्लीहून आलेली इंटरप्रिटर साहेबांचं बोलणं झकास समजून घेते आणि मग हिंदीत असं काही सांगते की फिटर नुसता मान डोलावतो.

मराठीचा तुला आणखी एक फायदा आहे. ‘काल आलेला माणूस’ हे जपानीत ‘किनो किता हितो’. काल, आलेला, माणूस. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला इथे माणूस पुढे आणून वाक्य उलटं करावं लागतं. ‘ला’, ‘त’, ‘हून’ जसे आपल्याकडे शब्दाच्या मागे लागतात तसेच त्यांच्याकडे लागतात, आणि क्रियापद शेवटी. तेव्हा वर्गात पुस्तक इंग्रजी असलं तरी डोक्यात मराठी चालू ठेव.

आकडे मात्र आत्तापासून घोट. जपानी लोक हजारानंतर दहा हजारांनी मोजतात, त्याला ‘मान’ म्हणतात. ‘ज्यूमान’ म्हणजे दहा मान, म्हणजे एक लाख. ‘ह्याकुमान’ म्हणजे दहा लाख. ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. मी एकदा भर मीटिंगमध्ये ज्यूमानचं दहा लाख करून टाकलं, कारण ‘ज्यू’ म्हणजे दहा एवढंच डोक्यात बसलं होतं. समोरचे खरेदी अधिकारी पांढरेफटक पडले. नशिबाने आकडा फळ्यावरही लिहिलेला होता. त्या रात्री मी एक तक्ता करून डायरीच्या आतल्या बाजूला चिकटवला, तो डायरी बदलली तरी दरवर्षी नव्याने चिकटवत आले.

मामाचं राहिलं. महाराष्ट्राने २०२४च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, ते खरं आहे. पण तो करार आहे नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कुशल माणसांसाठी. त्यांना जर्मन लागते ती हातातल्या कामाच्या जोडीला. भाषेच्या पदवीधराला त्यातून काम मिळेल ते त्यांना शिकवायचं. ते वाईट नाही, पण मामाच्या मनात वेगळं चित्र असावं. दोन वर्षं जपानी शिकून, १३१ गुण मिळवून, ती सोडून देण्याइतकं त्यात काही नाही.

आणि मोबाइल. तुझ्या वर्गातली मुलं अगदीच चूक नाहीत. साधी पत्रं, ईमेल, सूचनापत्रकं ही कामं आम्हाला पूर्वी पानाच्या दराने मिळायची, ती गेली आणि परत यायची नाहीत. आता बरेचदा मशीनने केलेलं भाषांतर तपासायला येतं, त्याचे दर कमी असतात. या तपासण्याच्या कामाचंही २०१७ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १८५८७, म्हणजे धंद्याने ते स्वीकारलंय. पण जपानीत कर्ता सर्रास गाळतात. मॅन्युअलमध्ये ‘थांबल्यावर उघडा’ एवढंच असतं. कोण थांबल्यावर? मशीन, का माणूस? मराठी करताना तसंच ठेवता येतं, इंग्रजीत कर्ता घालावाच लागतो, आणि संगणक तो अंदाजाने घालतो. अंदाज चुकला तर कोणाचं तरी बोट जातं. ज्याने ते मशीन पाहिलंय त्याला तपासताना हे दिसतं. मीटिंगमधलं काम तर अजून माणसाकडेच आहे, कारण तिथे साहेब ‘विचार करून सांगतो’ म्हणतात तेव्हा ते ‘नाही’ म्हणतायत, हे कोणीतरी मीटिंग संपल्यावर चहा पिताना हळूच सांगावं लागतं.

त्या इंटरप्रिटर मॅडमना बाबांकरवी निरोप पाठव. एक दिवस त्यांच्यामागे मागे फिरू दे म्हणावं. सेफ्टी शूज घालून जा, चप्पल घालून गेलीस तर गेटवरूनच परत पाठवतील.

*

मॅडम, मी मुंबईत बीए जर्मनच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनची बी-२ पातळी झाली आहे. सीव्हीत गुणांशिवाय लिहायला काही नाही. लगेच जर्मनीला मास्टर्सला जावं, की आधी नोकरी करावी?
– एक विद्यार्थी, डोंबिवली

तुमची भाषा माझी नव्हे, पण माझ्या बरोबरीची माणसं त्या क्षेत्रात आहेत आणि त्यांच्या मुलांचे कागद मी गोळा केलेत, त्यावरून सांगते.

जायचंच असेल तर आधी हिशेब करा. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याशिवाय व्हिसाचं पाऊल पुढे पडत नाही. राहण्याच्या खर्चासाठी बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, पण वर ज्याचं नाव आलं त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं सांगणाऱ्या एजंटाला हे विचारून पाहा, चेहरा बघण्यासारखा होतो. परदेशी लोकांना जर्मन कशी शिकवावी याचं मास्टर्स लाइपझिगला आणि येनाला चांगलं आहे. शिकवायचं असेल तर ते करा. नुसतं जर्मन साहित्याचं मास्टर्स करून परत आलात, तर आत्ता आहात तिथेच उभे असाल, फक्त थंडीचे कपडे जास्त.

माझं मत विचाराल तर दीड-दोन वर्षं नोकरी करा. मुंबई-पुण्यात बिलं, विमा, ग्राहकसेवा यांची जर्मनमधली कामं करणारी ऑफिसं आहेत. काम कंटाळवाणं असतं. पण विम्याचं जर्मन, बिलाचं जर्मन तिथे अंगवळणी पडतं आणि त्यानंतर कोणतं मास्टर्स हवंय हे तुम्हाला स्वतःला कळतं. पुढे भाषांतरात जायचं असेल तरी ती वर्षं वाया जात नाहीत. आयएसओ १७१०० या मानकाप्रमाणे भाषांतरकाराकडे भाषांतराची पदवी हवी, नाहीतर दुसऱ्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, नाहीतर पदवीशिवाय पाच वर्षांचा. कामाची नोंद आणि पत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, नंतर मागायला गेलं की साहेब बदललेले असतात.

सीव्ही रिकामा आहे तो या सुट्टीत भरता येईल. ओमेगाटी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते उतरवून घ्या. एखाद्या यंत्राचं मॅन्युअल, भाडेकरार, औषधाच्या खोक्यातला कागद, अशी तीन वेगळ्या जातीची पाच-पाच पानं भाषांतरित करा आणि कोणा जाणत्याकडून तपासून घ्या. मुलाखतीत गुणपत्रिकेआधी ती पुढे करा. कविता नको. सगळे कविता आणतात.

*

ताई, मी सोलापूरचा. बीए मराठी, दुसरं वर्ष. वडील यंत्रमागावर आहेत. ‘मराठी घेऊन काय करणार’ हा प्रश्न रोज ऐकतो. मला भाषांतर आवडतं. काही होईल का?
– एक वाचक, सोलापूर

होईल, पण एकट्या मराठीवर नाही. इंग्रजी वाचायला पक्की कर. बोलता नाही आली तरी चालेल, वाचलेलं अचूक कळलं पाहिजे. कोर्टात, शासनात, बँकांत, जाहिरातीत, मालिकांच्या डबिंगमध्ये जे काही मराठी लागतं ते बहुतेक इंग्रजीतून किंवा हिंदीतून येतं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले, पण त्याने तुझ्या हातात लगेच काही पडणार नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, ते रोज दहा मिनिटं चाळ. काही शब्द सुंदर आहेत, काही वाचून हसू येतं, दोन्ही माहीत हवेत. सरकारी नोकरीकडे डोळा असेल तर मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा आत्ताच देऊन टाक, बऱ्याच जागांना ती मागतात आणि ऐन वेळी मुलं तिथेच अडतात.

आणि वर चिंचवडच्या मुलीला जे वहीचं सांगितलंय ते तुलाही लागू आहे. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी. वडिलांशेजारी बसून मागावरचे सगळे शब्द लिहून काढ, समोर इंग्रजी शोधून लिही. यादी झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. जपानीचा रकाना मी भरून देते.